पेन्शन धरायचं की नाही

माझ्या वडिलांना बोलता येतं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि तेही भिंतीआडून. तोवर ते मुके होते असं नाही. बैलांशी बोलायचे, मायशी बाजारहाटाचं बोलायचे, मला संध्याकाळी "जेवली का वं" एवढं विचारायचे. पण एका वाक्यातून दुसरं निघतंय, मध्येच हसू येतंय, "मंग आइक" म्हणून पुन्हा धागा पकडला जातोय, असं त्यांचं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दुपारी मी मागच्या अंगणात भांडी घासत होते आणि पुढे ओसरीत कुणीतरी पुरुष रंगात येऊन बोलत होता. पाहुणा आला असेल म्हणून राखेचे हात तसेच घेऊन मी दारातून डोकावले. पाहुणा कुणी नव्हता. बाबा बाजेवर मांडी घालून बसले होते, आणि समोर पाटावर बसून, गुडघ्यावर कागद धरून, ते काय म्हणतात ते उतरवून घेत होती माझी मैत्रीण तरन्नुम.

बुलढाण्याजवळच्या धाड गावात आमचं घर बाजाराच्या रस्त्याला लागून, टिनाचं. उन्हाळ्यात दुपारी टिनं तडतडायची आणि शेजारच्या गल्लीतून रफिकचाचांच्या धुनकीचा आवाज यायचा, कापूस पिंजताना तार जशी तुंय तुंय वाजते तसा. रफिकचाचा गाद्या आणि रजया भरायचे. तरन्नुम त्यांची मोठी. त्या आवाजावर मी लहानपणी झोपले आणि त्या आवाजावर अभ्यास केला. आता धाडला गेले की ती गल्ली चुकल्यासारखी वाटते. कापूस पिंजायला मशीन आलं, तेही गेलं, आता तयार गाद्या गाडीतून येतात. पण तेव्हा बाजारच्या दिवशी सकाळपासून तो आवाज असायचा, आमच्या चुलीजवळ फुणक्यांची, म्हणजे कढीसोबत खायच्या वाफवलेल्या मुटक्यांची, डाळ वाटून तयार असायची, माय कढीला फोडणी द्यायची आणि बाबा ओसरीत बसून बुटांना पॉलिश करायचे. शेतात जायच्या माणसाला पॉलिशचे बूट कशाला, असं गाव हसायचं. बाबा पॉलिश करायचे आणि मग बूट खुंटीखाली ठेवून चपला घालून शेतात जायचे.

ते फौजेतून सुटून आले तेव्हा मी शाळेत खालच्या वर्गात होते. गाव त्यांना हवालदार म्हणायचं. ते लढणाऱ्या तुकडीत नव्हते. वर डोंगरात जे जवान असतात त्यांना शिधा, घासलेट, कपडे पोचवणाऱ्या तुकडीत होते. म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. विचारलं नव्हतं. आमच्या घरात तो एक विषय झाकून ठेवलेल्या भांड्यासारखा होता. सगळे त्याच्या बाजूनं जायचे. घरात थोडी शेती होती, पण खरा आधार पेन्शनचा. महिन्याच्या सुरुवातीला बाबा इस्त्रीचा सदरा घालून बुलढाण्याला बँकेत जायचे आणि येताना कागदात बांधलेला गरम चिवडा आणायचे. पेन्शन म्हणजे माझ्या लेखी त्या चिवड्याचा वास.

तरन्नुम आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तिचे मार्क माझ्याहून जास्त, अक्षर माझ्याहून चांगलं, केस तर विचारूच नका, गुडघ्याला लागायचे. या कशाचंही मला कधी काही वाटलं नाही. माय म्हणायची, "तिच्यासंग राहाय, तुह्याही डोक्यात काई पडंन," आणि मी राहायचे. बुलढाण्याच्या कॉलेजात आम्ही दोघी सकाळच्या एसटीनं जायचो, दुपारच्या एसटीनं यायचो. डब्यात तिची पोळी मी खायचे, माझी ज्वारीची भाकर ती खायची. हेवा म्हणतात ती गोष्ट मला माहीत नव्हती. ती मला माझ्याच ओसरीत भेटली.

झालं असं की शेवटच्या वर्षाला आमचे अर्थशास्त्राचे इंगळे सर सगळ्यांना प्रकल्प देत होते. कुणी कापसाचा भाव घेतला, कुणी सहकारी सोसायटी. मी धाडचा आठवडी बाजार घेतला, कारण त्यासाठी घराबाहेर फार जावं लागणार नव्हतं. तरन्नुमनं सांगितलं की जगातले देश आपापल्या फौजांवर किती खर्च करतात आणि त्या आकड्यांचा अर्थ काय लावायचा, यावर तिला काम करायचं आहे. वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले की हे बुलढाण्यात बसून कसं होणार. तेव्हा ती म्हणाली की एकाच पेपरात एका पानावर लिहिलंय आपला फौजेचा खर्च फार झाला आणि दुसऱ्या पानावर लिहिलंय फार कमी पडतोय, आकडा दोन्हीकडे तोच. मग एकच आकडा जास्त आणि कमी दोन्ही कसा होतो, एवढंच तिला पाहायचंय. सरांनी थोडा वेळ विचार केला आणि हो म्हणाले.

मग ती कामाला लागली. जिल्ह्याच्या वाचनालयात इंग्रजी वार्षिकांचे जाड ग्रंथ होते, त्यांतले आकडे ती उतरवून आणायची. दिल्लीतल्या परक्या देशांच्या वकिलातींना तिनं पत्रं पाठवली की कृपया तुमच्या देशाच्या अंदाजपत्रकाची माहिती द्या. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. काहींनी दिलं, पण पाकिटातून आपल्या डोंगरांची आणि नाचणाऱ्या बायांची रंगीत पुस्तकं पाठवली. एका-दोघांनी खरंच आकडे पाठवले. धाडचा पोस्टमन रफिकचाचांच्या दारात सायकल लावून परदेशी शिक्क्याची पाकिटं द्यायचा आणि गल्ली बघायची. मला वाटायचं, माझ्या नावानं आजवर एक कार्ड आलेलं नाही. पण तेही मी गिळलं. आकड्यांवर अडल्यावर ती माझ्या बाबांकडे आली, ते मात्र मला गिळता आलं नाही.

तिला कळत नव्हतं की फौजेचा पैसा नेमका जातो कशात. ग्रंथात लिहिलेलं असायचं इतके कोटी, पुढे काही नाही. म्हणून तिनं एक दिवस सरळ बाबांना विचारलं की काका, तिथं वर एक माणूस उभा ठेवायला काय काय लागतं? आणि बाबा बोलायला लागले. खालून घासलेटचा डबा निघतो, ट्रकमधून जातो, मग खेचरावर, मग माणसाच्या पाठीवर. ट्रकला डिझेल लागतं, खेचराला दाणा लागतो, माणसाला जेवण लागतं, आणि त्या माणसाला वाटेत ऊब लागते म्हणून त्याच्यासाठी आणखी घासलेट. वर पोचेपर्यंत त्या डब्याची किंमत काय होते ते मला सांगता येणार नाही, बाबा म्हणाले, पण वरच्या माणसाला चहा पाजायचा म्हणजे खाली एक गाव राबतं. हे सगळं मी दारामागून ऐकलं. हातातली राख वाळून गेली तरी मी तिथंच उभी. मला आठवतं, मला रागही आला नाही आधी. फक्त असं वाटलं की आमच्या घरात एक खोली होती, मला आजवर दिसली नव्हती, आणि तरन्नुम तिथं जाऊन आरामात बसली आहे.

त्यानंतर ती आठवड्यातून दोन-तीनदा यायची. बाबा तिची वाट पाहायचे. म्हणायचे नाहीत, पण दुपारी शेतातून लवकर यायचे, हातपाय धुऊन बाजेवर बसायचे. माय दोघांना चहा द्यायची. मी आत काहीतरी करत असायचे, भांडी वाजवत. एकदा एसटीत ती सहज म्हणाली, "काका अननस काऊन खात नाईत, मले आता समजलं. वर डब्यातलं अननसच खाऊन राह्यले ना ते, सगळा हिवाळा." बाजारात अननसाच्या शरबताची गाडी लागायची, बाबा मला घेऊन द्यायचे आणि स्वतः तोंड फिरवायचे, लहानपणापासून मी ते पाहत आले होते. मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मले माहीत हाये." मला माहीत नव्हतं. पुढचा सगळा घाट मी तिच्याशी बोलले नाही, आणि तिला ते कळलंही नाही, कारण ती कागदावर काहीतरी गुणाकार करत होती.

एक दिवस आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. बाबांनी तरन्नुमलाही बसवलं होतं. ताटात फुणके, कढी, कांदा. ती जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "काका, एक अडचन हाये. तुमचं पेन्शन लष्कराच्या खर्चात धराचं का नाई?"

बाबांना समजेना. तिनं सांगितलं की काही देश सुटून गेलेल्या फौजींचं पेन्शन फौजेच्या खर्चात दाखवतात, काही वेगळ्या खात्यात दाखवतात. सरहद्दीवरच्या पोलिसांचंही तसंच. त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवले तर ते एका मापानं मोजलेले नसतातच. एकाच्या पायलीत जे मावलं ते दुसऱ्यानं पायलीबाहेर ठेवलेलं असतं. आधी ठरवायला हवं की काय धरायचं, आणि ते सगळ्यांना सारखं धरायचं.

मायचा हात तव्यावर थांबला. ती म्हणाली, "मानूस घरी आला, तरी खर्चातच हाये का मंग तो?"

मग बाबा म्हणाले, "धर. पोरी, तू धर. तिथं गेलो नसतो तं हे आलं नसतं. हेही त्याचंच हाये." आणि भाकरीचा तुकडा कढीत बुडवून खाऊ लागले. माझ्या मनात तेव्हा जे आलं ते मी आजही नीट सांगू शकते. हा प्रश्न आमच्या घरातला होता. ते पीठ, ती कढी, तो चिवडा, सगळं माझ्या बापाच्या त्या वर्षांतून आलेलं, आणि मी ते खात मोठी झाले, आणि प्रश्न मात्र तिला सुचला.

प्रकल्प कॉलेजात पहिला आला. जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांचे प्रकल्प बुलढाण्यात एका सभागृहात वाचून दाखवायचे होते, तिथं तिचा जाणार असं सरांनी सांगितलं. माझ्या आठवडी बाजाराला सरांनी 'परिश्रमपूर्वक' असा शेरा दिला होता. शिक्षिका म्हणून पुढे मीही असंख्य मुलांना तो शेरा दिला आणि दर वेळी मला त्याचा अर्थ माहीत होता.

त्याच दिवसांत बाजारात बोलणं सुरू झालं. कुणी सुरू केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. गादीवाल्याच्या घरी बाहेरच्या देशांची पाकिटं येतात. त्याची पोरगी फौजेचा पैसा मोजते. तिला काय करायचं फौजेचं. एक ठरलेली रजयांची मोठी ऑर्डर कुणीतरी परत घेतली, कारण सांगितलं नाही. आमच्या घरी हे रफिकचाचांकडूनच कळलं. दिवेलागणीच्या सुमाराला ते आले, कापसाचे तंतू भुवयांवर तसेच. ओसरीत बसले, पाणी प्यायले. मग त्यांनी बाबांना सांगितलं की बुलढाण्याला तरन्नुमच्या जागी तुमच्या सुमीनं वाचावं. फौजीची लेक आहे, कुणी काही म्हणणार नाही.

"काम तुमच्या पोरीनं केलं," बाबा म्हणाले. "तीच वाचंन."

"तुमचं खरं हाये, हवालदारसाहेब," रफिकचाचा म्हणाले. "पन बजारात दुकान माह्यं हाये."

मी आत उभी होते आणि माझं मन आधीच बुलढाण्याच्या त्या सभागृहात जाऊन पोचलं होतं. मला वाईट वाटलं का? वाटलं असेल. पण आधी आनंद झाला, असा की कानशिलं गरम झाली. बाबांनी आत वळून विचारलं, जमेल का, तेव्हा मी त्यांचा प्रश्न पुरा होण्याआधी हाव म्हणाले.

तरन्नुम दुसऱ्या दिवशी तक्त्यांची गुंडाळी घेऊन आली. डोळे सुजलेले होते, पण मी काही विचारलं नाही. तिनं भिंतीवर तक्ते टांगले आणि मला शिकवायला बसली. फार कडक शिकवायची. मी म्हणाले की हा देश सगळ्यात जास्त खर्च करतो म्हणजे तो सगळ्यात लढाऊ, तर तिनं मला थांबवलं. श्रीमंताच्या घरी दहा भाकरींतल्या दोन जातात, गरिबाच्या घरी दोनातली एक जाते; दोन भाकरी जास्त दिसतील, पण उपास कुणाला पडला ते पाहा. मी म्हणाले मग वाटा पाहिला की झालं. तर म्हणे तेही नाही झालं. शिपायाचा पगार तिकडं वेगळा, इकडं वेगळा, त्यामुळे सगळं डॉलरमध्ये मांडलं की स्वस्तात मोठी फौज ठेवणाऱ्या देशाची फौज आहे त्याहून लहान दिसते. एका तक्त्यात बऱ्याच देशांपुढे तिनं जागा कोरी सोडली होती. मी पेन्सिलनं तिथं शून्य लिहायला गेले आणि तिनं माझा हात धरला. "शून्य म्हंजे खर्च केला नाई," ती म्हणाली. "आपल्याले माहीत नाई, ते शून्य नसते." माझं मनगट तिनं इतकं घट्ट धरलं होतं की नंतर तिथं लाल झालं.

त्या दिवसांत संध्याकाळी बाबाही बसायचे. मी चुकले की तिच्याकडे पाहून हसायचे. तिघं मिळून बसलोत, मला पाहिजे होतं ते हेच, असं कुणी म्हणेल. पण बाबा सांगताना अजूनही तिच्याकडेच पाहून सांगायचे. सवय पडली होती त्यांना. मी मध्येच पाणी आणायला उठायचे आणि आल्यावर पाहायचे, माझी जागा रिकामी होती हे कुणाच्या लक्षात आलंय का.

स्पर्धेच्या दिवशी माय सोडून आम्ही सगळे सकाळच्या एसटीनं गेलो. बाबांनी ते बूट घातले होते. सभागृहात पंखे करकरत होते. तरन्नुम आणि रफिकचाचा मागच्या रांगेत बसले, ती पांढऱ्या ओढणीत. माझं नाव पुकारलं आणि मी वाचलं, चांगलं वाचलं. आवाज माझा मोठा आणि खणखणीत होता. माईक लागला नसता तरी चाललं असतं. परीक्षक म्हणून बाहेरगावचे एक वयस्क प्राचार्य होते, पांढऱ्या धोतरातले. त्यांनी विचारलं की सरकार पेन्शन वेगळं दाखवतं, तुम्ही ते लष्करी खर्चात धरलंत, कोणत्या आधारावर?

हे मला येत होतं. तिनं शिकवलं म्हणून तर येत होतंच, पण त्याहून जास्त. मी सांगितलं की माझे वडील फौजेत होते, ते समोर बसलेत. ते गेले म्हणून आमच्या घरात पेन्शन येतं आणि त्या पेन्शनचं पीठ माझ्या अंगात आहे. फौज ठेवायचा खर्च माणूस घरी आला म्हणून संपत नाही. जे देश तो दुसऱ्या खात्यात लिहितात, त्यांनी तो खर्च टाळलेला नाही, फक्त जागा बदलली. टाळ्या वाजल्या. मी बाबांकडे पाहिलं. ते खाली बुटांकडे पाहत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. तो क्षण माझा होता, पुरा माझा. मी तो अजून काढून पाहते.

मग प्राचार्यांनी चष्मा काढला आणि अगदी साधं विचारलं, "छान. पेन्शन धरायची कल्पना तुझीच का?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. कुणी तपासणार नव्हतं. खाली इंगळे सर होते, त्यांनाही बाजारातलं ठाऊक होतं, तेही गप्प राहिले असते. मला आजवर विचारणाऱ्यांनी विचारलंय की मग तू 'नाही' का म्हणालीस, मैत्रीसाठी? मैत्री त्या वेळी माझ्या मनात नव्हती. माझ्या मनात बाबा होते. ती कल्पना कुणाची, हे त्यांना जेवणाच्या ताटापासून माहीत होतं, आणि मी हो म्हणाले असते तर त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "कल्पना तिची. सगळं काम तिचं. ती मागे बसली आहे."

सभागृह वळलं. रफिकचाचांनी तिचा हात धरलेला मला स्टेजवरून दिसला. मग त्यांनी तो सोडला. ती उठली, मधल्या वाटेनं चालत आली, पायऱ्या चढली, आणि मी बाजूला सरकले. तिनं माईक स्वतःच्या उंचीला खाली केला. प्राचार्यांनी कोऱ्या जागांबद्दल विचारलं, गुप्त ठेवलेल्या खर्चाबद्दल विचारलं, आणि ती बोलत गेली, शांतपणे, आपल्या वऱ्हाडी बोलीत, जणू ओसरीत पाटावर बसली आहे. लोक पुढे झुकून ऐकत होते. मी हात मागे बांधून उभी होते. मला हलकं वाटलं नाही. माईक हातातून गेल्यावर जे पहिलं मनात आलं, ते हेच की माझ्यापेक्षा तिचं ऐकतायत.

बक्षीस दुसरं मिळालं. पुढे बाजारात काही झालं नाही. काही होणार होतं की नव्हतं, हे तेव्हा आम्हाला कुणालाच सांगता आलं नसतं; रफिकचाचांनी कित्येक दिवस, वेळ आली तर पटकन बंद करता यावं म्हणून, दुकानाची एक फळी लावूनच ठेवली होती. मग थंडी पडली आणि लोकांना रजया लागल्या. तरन्नुम पुढे औरंगाबादला शिकली, मग दिल्लीला, आणि आता परदेशात अशा ठिकाणी असते जिथं देशादेशांचे हेच आकडे गोळा करतात आणि त्यांचा अर्थ लावतात. मी चिखलीला बारावीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले. दरवर्षी उन्हाळ्यात जगाच्या लष्करी खर्चाचा नवा आकडा बातम्यांत येतो. शेवटच्या वर्षांत बाबा अंथरुणाला होते, तरी तो आला की विचारायचे, "तरन्नुमचा आकडा आला का वं?" मी मोबाईलवर वाचून दाखवायचे. कोऱ्या जागा किती आहेत तेही विचारायचे. माझ्या वर्गातून दरवर्षी किती मुलं पास होतात, हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मी सांगायचे तेव्हा ते ऐकायचे आणि म्हणायचे, "चांगलं हाये."

पण मला त्या दिवसाची संध्याकाळ सांगायची आहे. एसटी धाडच्या स्टँडवर लागली तेव्हा अजून उजेड होता. रफिकचाचा आणि तरन्नुम त्यांच्या गल्लीला वळले. आम्ही घराकडे निघालो आणि बाबा घर ओलांडून पुढे चालू लागले. मी मागोमाग. गावाबाहेर ओढ्यावर लहानसा पूल आहे, त्याच्या कठड्यावर ते बसले. मी बाजूला बसले. शेतातून बैलगाड्या परतत होत्या, त्यांची धूळ बाबांच्या बुटांवर बसत होती. मला वाटलं ते शाबासकी देणार. ते गाड्यांकडेच पाहत राहिले, आणि मग माझाच धीर सुटला.

"तुम्ही तिच्यासंग बोलता," मी म्हणाले. "माह्यासंग नाई बोलत."

"ते इचारते," बाबा म्हणाले.

"म्या इचारलं असतं तं सांगतलं असतं?"

एक गाडी पुलावरून गेली. ती पार वळणाआड जाईपर्यंत ते थांबले.

"नसतं सांगतलं," ते म्हणाले. "तिले सांगतलं, तं ते लिहून घेते आन आपल्या घरी जाते. तुले सांगतलं असतं तं तू इथंच राह्यली असती. रोज माह्या तोंडाकडे पाहत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहायचे तसं नाही, वेगळं. "आता इचार," ते म्हणाले. "तू मोठी झाली आता."

मी विचारलं की तिथं तुम्हाला सगळ्यात जास्त भेव कशाचं वाटलं. त्यांनी सांगितलं. फार वेळ लागला, कारण मध्ये ते थांबायचे, आणि या थांबण्यात हसणं नव्हतं, "मंग आइक" नव्हतं. त्या गोष्टीत एक माणूस होता, एवढंच सांगते. संपलं तेव्हा ते उठले, बुटांवरची धूळ रुमालानं झटकली, आणि आम्ही घरी जाऊन जेवलो. माय म्हणाली उशीर का झाला, तर बाबा म्हणाले, बस लेट होती.

गेल्या महिन्यात तरन्नुमचा फोन आला. उंचावर फौज ठेवायला खरोखर काय लागतं, यावर ती काही मोठं लिहिते आहे. तिच्याकडे आकडे सगळे आहेत, ती म्हणाली, पण काकांसारखं सांगणारं आता कुणी उरलं नाही. मग तिनं विचारलं, "मले जे नाई सांगतलं, असं काई तुले सांगतलं होतं का त्यांनी?"

"हाव," मी म्हणाले. "पन ते माह्यं हाये."

मग ती हलकेच हसली, म्हणाली, ठीक है, रहने दे, आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करू लागली. मी तिला सगळं सांगितलं, गुडघ्यांचं, नातवाचं, धाडच्या नव्या रस्त्याचं. ते तेवढं नाही सांगितलं. इथंही लिहीत नाही.